सीनायच्या पायथ्याशी बायका होत्या की नव्हत्या?

"तिसऱ्या दिवसासाठी तयार राहा. स्त्रीच्या जवळ जाऊ नका."

व्याख्यान सुरू झालं ते पडद्यावरच्या, यहुद्यांच्या धर्मग्रंथातल्या या ओळीने. विद्यापीठात एक पाहुण्या प्राध्यापिका आल्या होत्या. विषय होता यहुदी स्त्रीवादी ईश्वरमीमांसा. सभागृहात इतिहासाचे विद्यार्थी होते, काही निवृत्त शिक्षक होते आणि नुसत्या कुतूहलाने आलेले आमच्यासारखे लोक. मॅडमनी ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, "हे कोणाला सांगितलंय?"

"पुरुषांना," माझ्या शेजारच्या काकू पटकन म्हणाल्या.

"पण त्याच ओळीच्या सुरुवातीला लिहिलंय, मोशे लोकांना म्हणाला. लोकांना. मग बायका कुठे गेल्या?"

चहाच्या वेळी काकूंनी मला गाठलं. "ऐकलं सगळं. पण त्या बायकांना नेमकं हवंय काय, ते मला साध्या भाषेत सांगा हो." उभ्याउभ्या सांगून होण्यासारखं ते नव्हतं. म्हणून इथे सविस्तर लिहितो आहे.

## आधी चार शब्द

ईश्वरमीमांसा म्हणजे देव कसा आहे, तो माणसाशी कसा बोलतो आणि माणसाचं त्याच्याशी नातं काय, याचा शिस्तीने केलेला विचार. यापुढे मी सरळ 'देवाचा विचार' असंच म्हणेन.

यहुदी परंपरेत हा विचार चार गोष्टींच्या आधाराने चालतो. तोरा म्हणजे मोशेचे, लोकांना इजिप्तच्या गुलामगिरीतून बाहेर काढणाऱ्या नेत्याचे, पाच ग्रंथ. ताल्मुद म्हणजे तोरावर रब्बींनी, म्हणजे धर्मशास्त्र जाणणाऱ्या गुरुजनांनी, कित्येक शतकं घातलेले वाद. हलाखा म्हणजे आचाराचे नियम. या शब्दाच्या मुळाशी 'चालणं' आहे, आपण 'चालरीत' म्हणतो तसंच. आणि मिद्राश म्हणजे ग्रंथात जिथे मोकळी जागा राहिली आहे, तिथे अर्थ किंवा गोष्ट रचून ती भरण्याची जुनी रीत.

ताल्मुदचं छापील पान एकदा तरी बघावं. मधोमध मूळ मजकूर, एका बाजूला अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या रब्बींचं भाष्य, दुसऱ्या बाजूला त्यांच्या पुढच्या पिढ्यांचं, आणि कडेने बारीक अक्षरात आणखी टिपा. एकाच पानावर हजार वर्षांची माणसं एकमेकांशी वाद घालत बसलेली असतात. या धर्मात वाद घालणं हे पाप नाही, तो अभ्यास आहे. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मात्र त्या पानावर, मधे किंवा कडेला, बाईने लिहिलेलं भाष्य नाही. बायकांचे उल्लेख भरपूर आहेत. बेरूरिया नावाची एक विदुषी तर रब्बींशी वाद घालताना दिसते. पण लिहिणारा हात पुरुषाचा.

## सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणून ती शेतात नव्हती?

आपल्याकडे शेतात पेरणीपासून खुरपणी-काढणीपर्यंत बाई राबते. सातबाऱ्यावर मात्र नाव नवऱ्याचं, त्याच्यानंतर मुलांचं. शंभर वर्षांनी कोणी नुसते उतारे चाळले, तर त्याला वाटेल या गावात बायकाच नव्हत्या.

अमेरिकन विचारवंत ज्यूडिथ प्लास्को यांनी १९९० मध्ये 'स्टँडिंग अगेन ॲट सीनाय' हे पुस्तक लिहिलं, त्यातला मुद्दा याच जातीचा आहे. सीनाय पर्वताचा प्रसंग म्हणजे यहुदी धर्माचा पाया. इजिप्तच्या गुलामगिरीतून सुटलेले लोक पर्वताच्या पायथ्याशी उभे आहेत आणि देव त्यांच्याशी करार करतो. त्या क्षणाची तयारी म्हणून मोशे सांगतो, स्त्रीच्या जवळ जाऊ नका. निर्गम या ग्रंथाच्या १९ व्या अध्यायातली ही १५ वी ओळ. म्हणजे करार कोणाशी होतो आहे? ज्यांना 'स्त्रीपासून लांब राहा' असं सांगता येतं त्यांच्याशी.

बारकाईने वाचलं तर आणखी एक गोष्ट दिसते. त्याआधीच्या ओळींत देवाने मोशेला एवढंच सांगितलं होतं, की लोकांना शुद्ध होऊ दे, कपडे धुऊ दे, तिसऱ्या दिवशी तयार राहू दे. स्त्रीचं वाक्य त्यात नाही. ते मोशेच्या तोंडी आलं आहे.

जुन्या रब्बींनाही ही जागा टोचत असावी. त्याच अध्यायात 'याकोबचं घराणं' आणि 'इस्राएलची मुलं' असे दोन शब्दप्रयोग लागोपाठ येतात. रब्बींनी अर्थ लावला, की याकोबचं घराणं म्हणजे स्त्रिया. म्हणजे त्या तिथे होत्या, हे परंपरेलाही मान्यच होतं. प्लास्को म्हणतात, प्रश्न त्या होत्या का हा नाहीच, कारण त्यांच्याशिवाय लोक कुठून येणार? प्रश्न हा, की त्यांना काय दिसलं, काय ऐकू आलं, हे कोणी लिहून का ठेवलं नाही. हा उतारा सभास्थानात, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहात, दरवर्षी वाचला जातो, आणि दरवर्षी तिथे बसलेली बाई स्वतःला वगळलेलं ऐकते.

काकू, तुमच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हे. त्यांना नोंद दुरुस्त करून हवी आहे.

## सकाळची एक ओळ

पारंपरिक यहुदी पुरुष सकाळच्या प्रार्थनेत देवाचे आभार मानतो, त्यात एक ओळ अशी आहे: मला स्त्री केलं नाहीस म्हणून तू धन्य. बाई त्या जागी म्हणते: मला तुझ्या इच्छेप्रमाणे घडवलंस.

परंपरेकडून याचं स्पष्टीकरण असं दिलं जातं, की ठरावीक वेळी करायच्या बऱ्याचशा विधींची सक्ती बाईवर नाही. पुरुष जास्त कर्तव्यं मिळाल्याबद्दल आभार मानतो, बाईला हिणवत नाही. यहुदी धर्मात कर्तव्य हाच मान आहे, हे खरं आहे. पण मग दुसरी बाजूही तितकीच खरी ठरते: ज्याच्यावर कर्तव्य नाही, त्याला मोजलं जात नाही. सामुदायिक प्रार्थनेला दहा जण लागतात. पारंपरिक नियमाने ते दहाही प्रौढ पुरुष. नऊ पुरुष आणि पन्नास बायका जमल्या तरी गणसंख्या भरत नाही.

या ओळीला कुरकुर करणाऱ्या बायका आजच्या काळातच झाल्या असंही नाही. इटलीत १४७१ मध्ये अब्राहम फारिसोल या लेखनिकाने एका स्त्रीसाठी हाताने लिहून दिलेली प्रार्थनापोथी आजही जपून ठेवलेली आहे. त्यात ओळ आहे: मला स्त्री केलंस, पुरुष नाही केलंस, म्हणून तू धन्य. ती पोथी कोणाच्या हातात होती, तिने रोज सकाळी ही ओळ कशा आवाजात म्हटली असेल, हे मला फार जाणून घ्यावंसं वाटतं.

## १९७२ च्या आसपास काय झालं

१९७१ मध्ये रेचल ॲडलर यांनी एक निबंध लिहिला. धार्मिक नियमांच्या चौकटीत बाईला मुलं आणि गुलाम यांच्या रांगेत बसवलं आहे, ती हजर असूनही धरली जात नाही, असं त्यांनी मांडलं. त्या तेव्हा स्वतः ऑर्थोडॉक्स, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथात होत्या. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमधल्या तरुण, धर्मशिक्षण घेतलेल्या बायकांचा 'एझरात नाशीम' हा गट कॉन्झर्व्हेटिव्ह या मधल्या पंथाच्या रब्बींपुढे मागण्या घेऊन गेला. या नावाचे दोन अर्थ होतात, सभास्थानातला बायकांचा वेगळा भाग आणि बायकांना मदत. १९७३ मध्ये त्या पंथाच्या नियमसमितीने गणसंख्येत बायकांना धरायला परवानगी दिली.

१९७२ मध्येच सॅली प्रिसँड अमेरिकेत रब्बी झाल्या. तेव्हा लोक त्यांनाच जगातली पहिली स्त्री-रब्बी समजत. प्रत्यक्षात १९३५ मध्ये जर्मनीत रेगिना योनास यांना ते पद मिळालं होतं. त्या टेरेझिनच्या छळछावणीतही व्याख्यानं देत राहिल्या आणि १९४४ मध्ये ऑश्विट्झमध्ये मारल्या गेल्या. त्यांची कागदपत्रं बर्लिनची भिंत पडल्यावर दप्तरखान्यात अभ्यासकांच्या हाती लागली. मधली जवळजवळ पन्नास वर्षं त्यांचं नाव कोणी फारसं घेतलं नाही, छावणीत त्यांच्यासोबत काम केलेल्या नामवंत पुरुषांनीही नाही. सातबाऱ्याची गोष्ट इतकी ताजी आहे.

## भांडण नियमांशी की देवाच्या विचाराशी?

इथून खरी गंमत सुरू होते. लेखिका सिंथिया ओझिक यांनी १९७९ मध्ये भूमिका घेतली, की हा सामाजिक अन्यायाचा प्रश्न आहे. नियम बदला, बायकांना शिकू द्या, मोजा, बोलू द्या. देवाच्या विचाराला हात लावायचं कारण नाही.

प्लास्कोंनी उत्तर दिलं, की प्रश्न देवाच्या विचाराचाच आहे. घरातल्या सगळ्या निर्णयांवर आजोबांची सही लागत असेल, तर एखाद्या निर्णयाबद्दल भांडून सूनबाईला तेवढ्यापुरता न्याय मिळेल. पण 'सही आजोबांचीच का' हे विचारल्याशिवाय पुढचा निर्णय पुन्हा तिथेच जाणार. देव राजा, देव बाप, देव योद्धा, हीच चित्रं मनात असतील तर बाई 'दुसरी' ठरणं हा नियमातला अपघात उरत नाही. नियम त्या चित्रातूनच आलेले असतात.

मला प्लास्कोंचं म्हणणं जास्त पटतं. पण ओझिक यांची भीतीही समजते: पाया खणायला घेतला की घर उभं राहील का?

## देव 'तो' का?

याचं नेहमीचं उत्तर असं: यहुदी देवाला शरीरच नाही. बाराव्या शतकात यहुदी तत्त्वज्ञ मायमोनिडीस यांनी ठणकावून सांगितलं, की देवाला देह नाही आणि ग्रंथातले 'देवाचा हात', 'देवाचे डोळे' हे नुसते बोलण्याचे प्रकार आहेत. मग 'तो' म्हटलं काय, फरक काय पडतो?

अभ्यासक रिटा ग्रॉस यांनी १९७० च्या दशकात उलट विचारलं: फरक पडत नसेल, तर 'ती' म्हणून बघा. 'ती' म्हटल्यावर अंगावर काटा येत असेल, तर शरीर नसलेल्या देवाला आपण मनातल्या मनात पुरुषाचं शरीर दिलेलं आहे.

आपल्याला हा धक्का पूर्णपणे कळणार नाही, कारण आपल्या जिभेवर विठोबाची विठाई सहज होते. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या पुरुषमूर्तीला 'माउली' म्हणताना वारकऱ्याला काहीच वावगं वाटत नाही. हिब्रू प्रार्थनेत ही सवड फार कमी आहे, आणि त्यातलं एक कारण व्याकरणात आहे.

मराठीत तो, ती आणि ते आहे. हिब्रूत नपुंसकलिंग नाही. प्रत्येक वस्तू पुल्लिंगी नाहीतर स्त्रीलिंगी. त्यावर आणखी, मराठीत 'तू' शब्दाला लिंग नसतं, मुलाला आणि मुलीला आपण एकच 'तू' म्हणतो. हिब्रूत पुरुषासाठी 'अता' आणि बाईसाठी 'अत'. यहुदी प्रार्थनांचं ठरलेलं सुरुवातीचं वाक्य आहे 'बारुख अता', म्हणजे 'धन्य आहेस तू'. त्या दुसऱ्याच शब्दाला समोरचा पुरुष ठरून जातो. दिवसातून कितीतरी वेळा, आयुष्यभर.

मग बायकांनी काय काय करून पाहिलं? १९७६ मध्ये ब्राउन विद्यापीठातल्या दोन विद्यार्थिनींनी प्रार्थनापुस्तकात देवाला 'ती' केलं. काहींनी शेखिना हा जुना शब्द उचलला. शेखिना म्हणजे देवाचं आपल्यात वस्तीला असणं. शब्द स्त्रीलिंगी आहे आणि गूढवादी परंपरेत तो देवाचं स्त्रीरूपच आहे. काहींनी दाखवलं, की करुणेसाठीचा हिब्रू शब्द 'राखामीम' आणि गर्भाशयासाठीचा 'रेखेम' एकाच धातूतून आले आहेत. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात तर देव स्वतःच म्हणतो, आई लेकराला समजावते तसं मी तुम्हाला समजावीन.

मला सगळ्यांत आवडली ती कवयित्री मार्शिया फॉक यांची युक्ती. त्यांच्या १९९६ च्या प्रार्थनापुस्तकात 'धन्य आहेस तू' हे वाक्यच नाही. त्या जागी 'नेवारेख एत एन हाखायीम', म्हणजे 'आपण जीवनाच्या झऱ्याला वंदू या'. हिब्रूत 'आपण'च्या अशा क्रियापदाला लिंग नसतं, मराठीत 'करू या' म्हणताना नसतं तसंच. एका 'आपण'ने लिंगाची अडचण सुटली आणि देव सिंहासनावरून उतरून झऱ्यासारखा वाहता झाला. 'एन' शब्दाचा मूळ अर्थ झरा आणि डोळा, दोन्ही. 'डोळ्याला पाणी' म्हणणाऱ्या भाषेत वाढलेल्या मला हे वाचून बरं वाटलं.

यावर आक्षेपही आला आहे आणि तो साधा नाही. झऱ्यापुढे रडता येतं का? झऱ्याशी भांडता येतं का? यहुदी परंपरेत माणूस देवाशी भांडतो, त्याला जाब विचारतो. त्यासाठी समोर 'तू' लागतो. ॲडलर यांच्यासारख्या विचारवंतांना हा 'तू' सोडवत नाही.

## बाहेर गेलेली लिलिथ

मिद्राशची रीत वर सांगितली. उत्पत्तीच्या ग्रंथात स्त्रीच्या निर्मितीची गोष्ट दोनदा येते. एकदा स्त्री आणि पुरुष एकत्र घडतात, दुसऱ्यांदा आदामच्या बरगडीपासून हव्वा. मग ती पहिली कोण? मध्ययुगातल्या एका ग्रंथाने उत्तर दिलं: लिलिथ. ती आदामसारखीच मातीपासून झाली होती, त्याच्या खाली राहायला तयार झाली नाही, देवाचं गुप्त नाव उच्चारून उडून गेली. पुढे ती तान्ह्या बाळांना धोका देणारी राक्षसी ठरली आणि तिच्यापासून वाचण्यासाठी बाळंतिणीच्या खोलीत ताईत लावले जाऊ लागले.

१९७२ मध्ये प्लास्कोंनी या गोष्टीचा पुढचा भाग लिहिला. एक दिवस हव्वा बागेच्या भिंतीवरून पलीकडे जाते. तिला सांगितलेलं असतं की तिथे राक्षसी आहे. भेटते ती तिच्यासारखीच एक बाई. दोघी बोलत बसतात, रोज भेटतात. आता त्या दोघी मिळून बागेत परत येतील, या विचाराने देव आणि आदाम दोघंही वाट बघत थोडे धास्तावलेले असतात. परंपरेने दिलेलंच हत्यार होतं, गोष्ट पुरी करण्याचं. ते बाईच्या हातात आलं एवढंच.

## लग्नात 'मिळवणं', घटस्फोटात अडकणं

आतापर्यंतचं सगळं शब्दांचं आहे असं वाटत असेल, तर आता लग्नाकडे येऊ. ताल्मुदचा गाभा असलेली मिश्ना इ.स. २०० च्या सुमाराची. तिच्यात लग्नाच्या प्रकरणाचं पहिलंच वाक्य सांगतं, की स्त्री तीन प्रकारांनी 'मिळवली' जाते: पैशाने, लेखाने, शरीरसंबंधाने. ती स्वतःला परत मिळवते दोन प्रकारांनी: घटस्फोटाच्या पत्राने किंवा नवऱ्याच्या मरणाने. वस्तू मिळवण्यासाठीही हेच क्रियापद वापरतात. रब्बींनी बाईला वस्तू मानलं नाही, तिची संमती आवश्यक केली, तिच्या पोटापाण्याची हमी लेखी घेतली. तरी आराखडा राहिला तो राहिलाच: एक जण मिळवतो, दुसरी मिळवली जाते.

त्याचे परिणाम आजही भोगावे लागतात. घटस्फोटाच्या पत्राला 'गेत' म्हणतात आणि ते नवऱ्याने स्वखुशीने बायकोच्या हातात द्यावं लागतं. त्याने दिलं नाही तर ती 'अगुना', म्हणजे साखळदंडात अडकलेली. नवरा वर्षानुवर्षं वेगळा राहत असला तरी तिला दुसरं लग्न करता येत नाही. केलं आणि मूल झालं, तर त्या मुलावर 'मामझेर' असा शिक्का बसतो आणि मोजके अपवाद सोडले तर त्याला यहुदी समाजात लग्न करता येत नाही. नवऱ्याला मात्र दुसऱ्या अविवाहित बाईपासून मूल झालं तर त्या मुलावर असा शिक्का नाही. अशा वेळी गेत हे पैसे उकळायचं साधन होतं: घर माझ्या नावावर कर, मुलांचा ताबा सोड, मग गेत देतो.

इस्राएलमध्ये नागरी विवाह नाही. १९५३ च्या कायद्याने तिथल्या यहुद्यांचं लग्न आणि घटस्फोट रब्बींच्या न्यायालयाकडे आहे. म्हणजे धर्म न मानणाऱ्या बाईचीही यातून सुटका नाही. १९९५ पासून गेत नाकारणाऱ्या नवऱ्याचा वाहनपरवाना, बँक खातं, परदेश प्रवास रोखण्याचे, प्रसंगी तुरुंगात टाकण्याचे अधिकार त्या न्यायालयांना आहेत. असेही नवरे आहेत जे तुरुंगात बसले, पण गेत दिलं नाही.

याचा आपल्या कोकणाशी थेट संबंध आहे. रायगडच्या किनाऱ्यावर शतकानुशतकं राहिलेले बेने इस्राएल हे मराठी बोलणारे यहुदी. तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी काम बंद ठेवणारे, म्हणून 'शनवार तेली'. बाकीच्या यहुदी जगापासून ते इतके दूर होते, की ताल्मुदमधले लग्न-घटस्फोटाचे बारीक नियम त्यांच्यापर्यंत पोचले नव्हते. ही माणसं इस्राएलला गेली तेव्हा १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या प्रमुख रब्बींनी शंका काढली: यांच्या पूर्वजांमध्ये गेतशिवाय पुनर्विवाह झाले असतील तर? आदेश निघाला, की बेने इस्राएल व्यक्तीचं इतर यहुद्यांशी लग्न लावण्याआधी आई, आजी आणि त्यामागे जमेल तितक्या पिढ्यांची चौकशी करा. कोकणातल्या कोण्या पणजीला कधीकाळी पत्र मिळालं होतं की नाही, यावर तिच्या पणतवंडांचं लग्न अडलं. लोकांनी येरुशलेममध्ये धरणं धरलं. १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी आहेत, आणि नंतर आदेशातून त्यांचं नाव काढलं गेलं.

ॲडलर यांनी यावर सुचवलेला उपाय त्यांच्या १९९८ च्या 'एन्जेंडरिंग ज्युडाइझम' या पुस्तकात आहे. ताल्मुदमध्ये लग्न मालमत्तेच्या आराखड्यात बसवलं. पण त्याच ताल्मुदमध्ये भागीदारीचाही कायदा आहे. दोन व्यापारी एका पिशवीत पैसे टाकतात आणि ती एकत्र उचलतात, की भागीदारी झाली. मग लग्न त्यावर का उभारू नये? त्यांच्या 'बरित अहुवीम', म्हणजे प्रियजनांच्या करारात, दोघंही आपापली मौल्यवान वस्तू एका पिशवीत ठेवतात आणि पिशवी मिळून उचलतात. अंगठी असेल, घड्याळ असेल. भागीदारी कोणाही एका भागीदाराला संपवता येते, त्यामुळे गेतची गरजच उरत नाही. ऑर्थोडॉक्स न्यायालयं अशा लग्नाला धार्मिक लग्न मानत नाहीत. तिथे दुसरा मार्ग आहे: लग्नाआधीच करार करायचा, की वेगळे झाल्यावर गेत देईपर्यंत नवरा बायकोला दररोज ठरलेली रक्कम देत राहील.

## "इतकं खटकतं तर धर्म सोडून द्या ना"

हा प्रश्न व्याख्यानानंतर एका विद्यार्थ्याने विचारलाच. मॅडमनी त्यालाच विचारलं, "तुझ्या घरात तुझ्या बहिणीला वाटा दिला नाही, तर ती घर सोडेल की वाटा मागेल?"

तोरामध्येच अशा पाच बहिणी आहेत. गणना या ग्रंथाच्या २७ व्या अध्यायात सलाफहादच्या मुली महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा मोशेसमोर उभ्या राहतात. बाप वारला, भाऊ नाही, तर जमिनीच्या वाटपात बापाचं नाव का पुसायचं? आम्हाला वाटा द्या. मोशेला उत्तर माहीत नसतं, तो देवाला विचारतो. देव म्हणतो, मुलींचं बरोबर आहे. आणि कायदा बदलतो. पुढे ३६ व्या अध्यायात त्यांनी आपल्याच वंशात लग्न करावं अशी अट येते, म्हणजे विजय अर्धाच. पण 'हा विचार बाहेरून आणलेला आहे' म्हणणाऱ्याला या पाच नावांचं काय करायचं ते ठरवावं लागतं.

## "ऑर्थोडॉक्स बायकांची तर काही तक्रार नाही"

काहींची नाही, आणि त्यांचं समाधान खोटं आहे असं म्हणायचा मला अधिकार नाही. पण तिथेही प्रश्न विचारणाऱ्या आहेत. लेखिका ब्लू ग्रीनबर्ग यांनी घरदार, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, सगळं पाळून म्हटलं, की रब्बींची इच्छा असेल तिथे हलाखातून वाट निघते. इस्राएलमधल्या तामार रॉस यांनी त्याहून खोल विचार मांडला: देवाचं बोलणं सीनायवर एकदाच होऊन संपलं नाही, ते इतिहासातून उलगडत जातं. मग स्त्रियांच्या आजच्या आवाजातही तेच बोलणं ऐकू येत असेल. तोरा मोडायची नाही, तोराचा वाडा वाढवायचा.

शुद्धतेच्या स्नानाबद्दल रेचल ॲडलर यांचं झालं ते तर फार थोड्या विचारवंतांच्या हातून होतं. तरुणपणी त्यांनी मासिक पाळीनंतरच्या धार्मिक स्नानाचं समर्थन करणारा सुंदर निबंध लिहिला होता, आणि अनेक बायकांनी त्याच्या आधाराने ती प्रथा स्वीकारली. १९९३ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिलं, की तो निबंध मी मागे घेते. ज्या बायकांवर हे नियम लादले गेले, त्यांच्या शरीराला काय वाटलं हे मी विचारलंच नव्हतं.

## "म्हणजे यहुदी धर्मच पुरुषी, असंच ना?"

इथे वाचकाने फार सांभाळून पाऊल टाकावं. यहुदी बायका आपल्या धर्माची चिकित्सा करत असताना काही ख्रिस्ती स्त्रीवादी लेखिकांनी ती उचलून गोष्ट रचली, की पुरुषसत्ता यहुद्यांनी आणली आणि येशूने बायकांना मोकळं केलं. प्लास्कोंनी १९८० मध्येच याला विरोध केला. पुरुषसत्ता यहुद्यांच्या आधीपासून सगळीकडे होती, आणि यहुद्यांवर खापर फोडायची सवय किती जीवघेणी ठरली आहे ते जगाने पाहिलंय. घरातल्या बाईने घरातल्या अन्यायाबद्दल बोलणं आणि शेजाऱ्याने त्यावरून घराची बदनामी करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

या विचाराच्या आतही उणिवा दाखवल्या गेल्या आहेत. त्यातली बहुतेक नावं अमेरिकेतली, युरोपीय वंशाची, विद्यापीठात शिकवणारी. अरब देशांतून, इराणमधून, भारतातून इस्राएलला गेलेल्या यहुदी बायकांची गरिबी, त्यांचे सण, त्यांच्या स्वयंपाकघरातला देव या पुस्तकांत कमी आहे. कोकणातल्या बाईने एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरं, साखर, सुका मेवा घालून मलिदा करायचा, तेव्हा तिच्या मनात देव कसा होता? हेही कोणीतरी त्यांच्यातल्याच बाईने लिहायला हवं.

## विचारता न येणाऱ्याला

पुण्यात १८७४ मध्ये बेने इस्राएलांसाठी मराठी भाषांतरासह एक हागादा छापली गेली. वल्हांडणाच्या रात्री जेवणाच्या वेळी इजिप्तमधून सुटल्याची कथा ज्या पुस्तकातून वाचतात, ती हागादा. तिच्यात सणाची बिनखमिराची भाकरी करण्याचं चित्र आहे, आणि ती करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. भाष्याच्या पानावर त्या नसल्या तरी चित्रात त्या पिठाजवळ आहेत.

त्याच हागादामध्ये चार मुलांचा प्रसंग येतो. शहाणा, दुष्ट, साधा, आणि चौथा, ज्याला प्रश्नच विचारता येत नाही. या चौथ्याबद्दल मजकूर म्हणतो, 'अत पेताख लो', म्हणजे 'तू त्याच्यासाठी सुरुवात कर'. वर पाहिलं तसं पुरुषासाठी 'अता' हवं. इथे आहे 'अत', बाईसाठीचं. व्याकरणाचे जाणकार सांगतात, की जुन्या भाषेत हे रूप क्वचित पुरुषालाही चालायचं. पण कित्येक भाष्यकार या शब्दापाशी थबकले. ज्या पोरापाशी शब्दच नाहीत, त्याच्याशी आईच्या मायेने बोल, असा अर्थ त्यांनी लावला.

काकूंना फोनवर हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "मग मराठीत काय लिहायचं हो तिथे?"

मराठीत तिथे 'तू' आहे. वाचणारा कोण आहे, ते त्या शब्दावरून कळत नाही.